शब्दाला विचारावयाचे तीन प्रश्न



इंग्रजीतील कठीण शब्द कसे शिकावेत, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संयोजकांची इच्छा आहे. अमेरिकेत १९२५ साली सुरू झालेली राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धा आपल्या मुलांच्या परिचयाची आहे. तीत स्पर्धकास शब्दाची व्याख्या, त्याची मूळ भाषा आणि त्याचा वाक्यातील उपयोग विचारता येतो. घरी अभ्यास करतानाही हेच तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला प्रश्न व्याख्येचा. 'नोटोरियस' या शब्दापुढे वहीत नुसते 'प्रसिद्ध' असे लिहिले, तर विद्यार्थी एखाद्या सज्जन गृहस्थासही 'नोटोरियस' म्हणून मोकळा होईल. 'वाईट गोष्टीसाठी प्रसिद्ध' ही व्याख्या त्याला सावध करते. त्याचप्रमाणे न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड', म्हणजे निःपक्षपाती असावा. तो 'अनइंटरेस्टेड', म्हणजे उदासीन असेल, तर न्याय कसा मिळणार?

दुसरा प्रश्न मुळाचा. लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगले आणि 'माले' म्हणजे वाईट. त्यावरून 'बेनेव्होलंट' म्हणजे भले चिंतणारा व 'मॅलेव्होलंट' म्हणजे वाईट चिंतणारा, हे सहज ध्यानात राहते. आमच्या वैद्यकातील 'बिनाइन' व 'मॅलिग्नंट' गाठी याच कुळातील. एक मूळ कळले की अनेक शब्दांची दारे उघडतात.

तिसरा प्रश्न वाक्याचा. 'इन्सिडियस' म्हणजे नकळत, हळूहळू घात करणारा. परंतु 'ग्लॉकोमा इज ॲन इन्सिडियस डिसीज' हे वाक्य वाचले, आणि त्या विकारात दृष्टी कमी होऊ लागली तरी रुग्णास बराच काळ पत्ता लागत नाही हे कळले, की तो शब्द विसरणे कठीण. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात लेखकांची एक लाखाहून अधिक अवतरणे दिली, ती शब्दांचा उपयोग दाखविण्यासाठीच.

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. 'क्रॉनिक' हा शब्द ऐकून आजार अतिशय गंभीर आहे, असे अनेक रुग्ण समजतात. त्याचा खरा अर्थ दीर्घकाळ चालणारा. काळवाचक ग्रीक शब्दापासून तो आला. उलट 'ॲक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेला. तेथे उशीर प्राणावर बेतू शकतो. शब्द न कळता मान डोलावून संमतीपत्रावर सही करणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. अर्थ विचारण्यात कमीपणा नाही; तो आपला हक्क आहे.

मुलांनो, रोज पन्नास शब्दांची यादी पाठ करू नका. आठवड्याला पाच शब्द घ्या. प्रत्येकाची व्याख्या, मूळ, वाचनात आढळलेले एक वाक्य आणि स्वतः रचलेले एक वाक्य वहीत लिहा. नंतर तो शब्द आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगा. सांगताना अडखळलात, तर अर्थ अजून पक्का झालेला नाही असे समजा आणि कोश पुन्हा उघडा. पालकांनीही ही वही मुलांबरोबर लिहावी. त्यायोगे त्यांची मराठी आणि आपली इंग्रजी, दोन्ही वाढतील.