रस्ता कोणासाठी मोकळा करायचा?

(मंगरूळपीर येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



हुंडा, मारहाण, रेशन, पाणी हे आपले प्रश्न; रस्ता म्हणजे बांधकाम खात्याचं काम, असं आपण धरून चालतो. पण रस्त्यावर पायी चालतं कोण? घरात एकच मोटारसायकल असली तर ती पुरुषाच्या हाती असते. बाई एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल घेऊन निघते. दळण, रेशन, शाळा, दवाखाना असं चार ठिकाणी थांबत तिचं जाणं-येणं होतं. रस्ता आखणाऱ्यांना मात्र घर ते ऑफिस एवढी एकच सरळ रेघ दिसते.

आपल्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. तिथे पायी माणसाला आणि दुचाकीला बंदी आहे. वेगाच्या रस्त्यावर ती समजू शकते. पण बाजारातल्या रस्त्यालाही गाडीचंच माप लावतात, तिथे आपलं भांडण आहे.

माणसाचंही माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे पदपथ किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट मोकळा हवा आणि सहा इंचांहून उंच नको. उंच पदपथावर गरोदर बाईला, म्हातारीला चढवत नाही. त्या रस्त्यावरूनच चालतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पुणे महानगरपालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांना बंद ठेवला. एक दिवस थोडाच आहे, पण भर बाजारातला रस्ता गाड्यांविना चालू शकतो हे लोकांनी पाहिलं.

आता सावध राहायची गोष्ट. ‘रस्ता मोकळा करा’ म्हटलं, की पहिला घाव भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईवर पडतो. टोपली उचलून नेतात. शेजारी उभी असलेली मोटार तशीच राहते. एका मोटारीच्या जागेत चार बायांचा संसार चालतो. शिवाय संध्याकाळी त्या बसलेल्या असतात म्हणून आपल्या मुली त्या रस्त्यानं निर्धास्त येतात. चालणारी आणि विकणारी यांना एकमेकींविरुद्ध उभं करू देऊ नका.

त्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया हव्यात.

तेव्हा पुढच्या बाजारच्या दिवशी चौघी-पाचजणी मोजपट्टी घेऊन निघा. पदपथ किती फूट, किती उंच, कुठे तुटला, गाड्या कुठे लागतात, दिवे कुठे बंद, बायांसाठी मुतारी आहे का, सगळं वहीत लिहा. विक्रेत्या बायांनाही सोबत घ्या. ती वही घेऊन नगर परिषदेत जा आणि विचारा: सर्वेक्षण झालं का? समितीत बाया किती? २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. तुमच्या वॉर्डातल्या बाईला आधी सोबत घ्या आणि उत्तर लेखीच मागा.