नाव तिचं, पुस्तक दुसऱ्याचं

गेल्या दोन वेळेला आपण इतिवृत्ताची वही आणि अंतर्गत कर्जाचे हप्ते यांवर बोललो. आज वही बाजूला ठेवा. आज एका बाईची गोष्ट सांगते. अमेरिकेतली बाई, लिहिणं हाच तिचा धंदा. नाव मार्गारेट वॉन्डर बोनानो. जन्म १९५० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. तिनं एक कादंबरी लिहिली, ती छापलीच गेली नाही. आणि जी छापली गेली तिच्यावर नाव तिचं होतं, पण मजकूर बहुतेक दुसऱ्याचा. हे कसं झालं ते ऐका. लांबची गोष्ट आहे खरी, पण आपल्या कामाशी तिचा संबंध आहे.

आधी एक मालिका समजून घ्यावी लागेल. 'स्टार ट्रेक' तिचं नाव. १९६६ साली अमेरिकेतल्या टीव्हीवर सुरू झाली. पुढच्या काळातलं एक अवकाशयान, एंटरप्राइज. त्यात नाना देशांची माणसं, आणि लांब टोकदार कानांचा स्पॉक. ताऱ्यांमधून फिरायचं, नवे ग्रह बघायचे, असा सगळा प्रकार. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दाखवली होती, तेव्हा ज्यांच्या घरी किंवा शेजारी टीव्ही होता त्या मावश्यांना कदाचित ते कान आठवतील.

या मालिकेत बायकांचा वाटा मोठा आहे, तो कुणी फारसा सांगत नाही. यानातली उहुरा ही अधिकारी म्हणजे निशेल निकल्स ही कृष्णवर्णीय नटी. ती काम सोडून निघाली होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी स्वतः तिला सांगितलं की सोडू नकोस. पडद्यामागे कथा लिहिणारी डोरोथी फाँटाना होती, पण ती नाव लावायची डी. सी. फाँटाना. बाईनं लिहिलंय हे आधीच कळू नये म्हणून नुसती अक्षरं! दोन वर्षांनी मालिका बंद पडणार असं दिसू लागलं, तेव्हा बीजो ट्रिंबल नावाच्या बाईनं नवऱ्याला बरोबर घेऊन देशभरातल्या प्रेक्षकांकडून वाहिनीला पत्रं लिहवून घेतली, आणि तिसरं वर्ष पदरात पडलं. १९६९ ला ती मालिका संपली. पण नंतर सिनेमे आले, नव्या मालिका आल्या, आणि पुस्तकं तर शेकड्यांनी आली.

त्या पुस्तकांचीच आपली गोष्ट. मालिकेतली माणसं घेऊन नवी कथा रचायची आणि कादंबरी लिहायची. पण यान, स्पॉक, कप्तान कर्क या सगळ्यांची मालकी पॅरामाउंट या कंपनीची. त्यामुळे लेखकानं आधी कथेचा आराखडा पाठवायचा, कंपनीच्या माणसांनी तो मंजूर करायचा, मग कादंबरी लिहायची आणि तीही पुन्हा तपासायला द्यायची. लेखकाला आधी उचल मिळते, पुढे विक्रीवर ठरलेले टक्के. पुस्तकावरचा हक्क मात्र कंपनीचाच राहतो. वाट्यानं वावर करण्यासारखं म्हणा हवं तर. फरक एवढाच की वाटेकऱ्याला पिकातला ठरलेला वाटा धान्यानं मिळतो. इथं मालकानं पीक नको म्हटलं तर तुमच्या कणग्यात दाणाही येत नाही.

मार्गारेटच्या स्वतःच्या कादंबऱ्या आधी आलेल्या होत्या. मग १९८५ साली तिनं 'ड्वेलर्स इन द क्रूसिबल' हे स्टार ट्रेकचं पुस्तक लिहिलं. त्यात कर्क आणि स्पॉक मागे राहतात. ओलीस ठेवलेल्या दोन बायका पुढे येतात, दोन वेगळ्या ग्रहांच्या, आणि त्यांची मैत्री हीच खरी कथा. मला तर यातच तिचा सगळा स्वभाव दिसतो. १९८७ चं 'स्ट्रेंजर्स फ्रॉम द स्काय' तर न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत गेलं. म्हणजे बाई नवखी नव्हती, तिच्या पुस्तकाला गिऱ्हाईक होतं.

१९८६ साली या मालिकेचा चौथा सिनेमा आला होता. त्यात अवकाशातून एक अवाढव्य यंत्र पृथ्वीकडे येतं आणि हंपबॅक जातीच्या देवमाशांना हाका मारू लागतं. पण तोवर माणसानं ते देवमासे मारून संपवलेले असतात. उत्तर द्यायला कुणी नाही, आणि त्या हाकेनं समुद्र उसळायला लागतात. मग कर्क आणि मंडळी मागच्या काळात, १९८६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत जातात आणि देवमाशांची एक जोडी घेऊन येतात. देवमासे उत्तर देतात, यंत्र निघून जातं. ते आलं कुठून, कुणी पाठवलं, हे सिनेमा सांगत नाही. त्याच्या पुढची कथा लिहायचं काम मार्गारेटकडे आलं. तिनं कादंबरीला नाव दिलं 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स', म्हणजे ग्रहगोलांचं संगीत.

नेमक्या त्याच काळात कंपनीकडून पुस्तकं तपासण्याचे नियम आवळले गेले. ठरलेली मोठी पात्रंच पुढे हवीत, लेखकानं स्वतःची माणसं फार वाढवायची नाहीत, एका पुस्तकातलं दुसऱ्यात आणायचं नाही. जिच्या लिहिण्याची गंमतच बाजूच्या माणसांना पुढे आणण्यात, तिला हे किती जाचलं असेल बघा. कादंबरी मंजूर होईना. शेवटी ती जीन डीवीस या दुसऱ्या लेखकाकडे गेली आणि त्यांनी ती जवळजवळ नव्यानं लिहिली. १९९२ साली 'प्रोब' या नावानं ती जाड पुठ्ठ्याच्या आवृत्तीत आली. मुखपृष्ठावर डीवीस यांचं नाव नाही. नाव मार्गारेट वॉन्डर बोनानो हेच.

डीवीस यांचा यात दोष काढायचं मला कारण दिसत नाही. त्यांना काम मिळालं, त्यांनी केलं, आणि त्यांचंही नाव गेलंच की. पण दुकानात पुस्तक उचलणाऱ्याला हे कसं कळावं? त्याला वाटणार, 'स्ट्रेंजर्स फ्रॉम द स्काय'वालीनंच लिहिलंय.

आमच्या भागातल्या एका गटाचं असंच झालं होतं. त्यांचा काळा मसाला एका व्यापाऱ्यानं घेतला, पाकिटावर गटाचं नाव छापलं. पहिले दोन महिने माल यांचा. मग त्याला दुसरीकडे स्वस्त मिळाला, पाकिटं मात्र तीच राहिली. बाजारच्या दिवशी बायका गटाच्या अध्यक्षांना रस्त्यात अडवून विचारायच्या, अहो ताई, मसाल्याला वासच नाही, दगडफूल टाकायचं बंद केलंत का? त्या कुणाकुणाला समजावणार! पैसे बुडाले नव्हते, त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच कुणाला सुचेना. कागदावर भाव होता, वजन होतं, तारीख होती. नावाबद्दल एक ओळ नव्हती.

मार्गारेटनं काय केलं? तिनं उघडपणे सांगितलं की हे पुस्तक माझं नाही. सगळी हकीकत लिहून लोकांपुढे ठेवली. आणि मूळ कादंबरी? ती तिला विकता येत नव्हती, कारण त्यातली माणसं कंपनीची. दुसऱ्या प्रकाशकाकडे नेता येत नव्हती. मग जो वाचक मागेल त्याला ती प्रत फुकट देऊ लागली. वर्षभराचं काम फुकट देणं सोपं नसतं, तेही लिहूनच घर चालवणाऱ्या बाईला. पण त्यामुळे लोकांना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचता आले, आणि कुणाचं काय ते ज्याचं त्याला दिसलं.

तुमच्यातली एखादी म्हणेल, मग दुसऱ्याच्या वावरात गेलीच कशाला? स्वतःची माणसं रचून लिहायचं ना. तेही तिनं केलं. १९९६ साली तिची 'प्रीटरनॅचरल' ही स्वतंत्र कादंबरी आली. त्यात जेलीफिशसारखे परग्रहावरचे जीव आहेत, आणि नायिका कोण, तर एक लेखिकाच. पण दुसऱ्याच्या वावरात राबणं म्हणजे कमीपणा, असं मला वाटत नाही. आपल्यातल्या कितीजणी दुसऱ्याच्या ऑर्डरवर शिवतात, लाटतात, विणतात. त्यातूनच मशीन आली, मुलींच्या फिया भरल्या. प्रश्न कागदाचा आहे. पुढच्या वेळी एखादा ऑर्डरचा कागद घेऊन आला, तर दर बघालच. त्याबरोबर हेही विचारा की पाकिटावर नाव कुणाचं, आतला माल बदलला तर ते नाव काढणार का, आणि नाकारलेला माल आम्ही आमच्या नावानं विकू शकतो का. तो हसेल. हसू द्या. ठरावाच्या वहीत मात्र त्याचं उत्तर लिहून, खाली त्याची सही घ्या.

मार्गारेट पुढे स्टार ट्रेककडे परत आली. माणसं बदलली होती, नियम सैल झाले होते. २००६ साली 'बर्निंग ड्रीम्स' आलं, २०१० साली 'अनस्पोकन ट्रुथ', आणि त्यात सावीक नावाच्या बाजूच्या पात्राला तिनं मधोमध आणून बसवलं. २०२१ साली ती गेली. 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' पुस्तकरूपात आलंच नाही. 'प्रोब' मात्र ग्रंथालयांच्या याद्यांमध्ये आजही तिच्याच नावावर आहे.