एकाच तळ्यातले दोन वाण



साहित्याच्या व्याख्यानमालेत शेवाळ कशाला, असे काहींना वाटेल. पण हा प्रश्न आपल्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

कोल्हापूरच्या रंकाळ्यावरील हिरव्या तवंगाच्या बातम्या आपण वाचल्या असतील. अशा तवंगात बहुधा मायक्रोसिस्टिस असतो. त्याला आपण शेवाळ म्हणतो. वास्तविक तो उन्हावर जगणारा जिवाणू आहे. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून फॉस्फरस मिळाला, पाणी थांबले व तापले, की तो झपाट्याने वाढतो.

कापसाचे वाण निराळे असतात, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मायक्रोसिस्टिसचेही तसेच आहे. काही वाणांत यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन विष बनवणारा दहा जनुकांचा संच असतो, काहींत नसतो. दोन्ही वाण एकाच तवंगात नांदतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीही सारखेच दिसतात. एकाच मोसमात त्यांचे प्रमाण पालटते. म्हणून ‘मागच्या वर्षी गुरांनी हेच पाणी प्यायले, काही झाले नाही’ हा यंदाचा पुरावा होत नाही.

ऑस्ट्रेलियातील एका सरोवराचे असे पाणी पिऊन जनावरे मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 मध्ये केली. 1996 मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे डायलिसिसच्या पाण्यातून हे विष रक्तात गेले आणि पन्नासच्या वर रुग्ण दगावले. 2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहरात सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे सांगावे लागले.

आम्हा जैनांच्या घरी पाणी गाळून, उकळून पिण्याची जुनी शिस्त आहे. जंतूंपासून ती आपल्याला वाचवते. पण पाण्यात विरघळलेले हे विष फडक्यात अडकत नाही आणि उकळल्याने नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून आतले विष बाहेर येते, पाणी आटले की दाटही होते.

तेव्हा हिरव्या रंगासारखा तवंग दिसला, तर तिथे गुरे पाजू नका, बैल धुऊ नका, मुलांना उतरू देऊ नका. पाणी तपासताना विषाचीही तपासणी मागा; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे. आणि खताची मात्रा मोजून द्या, सांडपाणी तळ्यात सोडू नका. विषारी वाण वेगळा काढता येत नाही, दोघांचेही खाद्य मात्र तोडता येते.