खाली कोण राबतं?

आज आम्ही एका जुन्या इंग्रजी कादंबरीबद्दल बोलणार आहोत. 'द टाइम मशीन', म्हणजे काळातून प्रवास करणारं यंत्र. एच. जी. वेल्स यांची ही पहिली कादंबरी, १८९५ साली आलेली. यंत्राशी आपल्याला काय करायचंय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गोष्ट आपल्या कामाचीच आहे.

आधी वेल्सच्या आईविषयी सांगतो. तिचं नाव सारा. नवऱ्याचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान धड चालत नव्हतं. तो क्रिकेट खेळून चार पैसे मिळवायचा, तर १८७७ मध्ये त्याचा पाय मोडला. १८८० साली सारा ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या बड्या वाड्यात कामाला गेली. नोकरचाकरांवर देखरेख करायची, घराचा कारभार बघायचा. त्याच सुमारास पोराला कापडाच्या दुकानात उमेदवारीला घातलं.

या वाड्याचं स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत होतं. तिथून वाड्यात यायला जमिनीखालून भुयार. ताटं त्या भुयारातून यायची, नोकरही तिथूनच ये-जा करायचे. वरच्यांना गरम जेवण हवं, पण ते आणणारी माणसं हिरवळीवरून फिरताना दिसायला नकोत! आईकडे येणाऱ्या पोरानं हे सगळं पाहिलं होतं.

आता कादंबरी. एक शास्त्रज्ञ यंत्रावर बसून थेट ८०२७०१ या वर्षात पोचतो. तिथं जमिनीवर इलॉय नावाची नाजूक, गोड माणसं राहतात. फळं खातात, फुलं माळतात, काम काहीच करत नाहीत. त्याला वाटतं, स्वर्गच हा. मग विहिरींसारखी खोल भोकं दिसतात आणि आतून यंत्रांची घरघर ऐकू येते. खाली मॉरलॉक राहतात, फिकट, उजेडाला भिणारे. इलॉयच्या अंगावरचे कपडे त्यांच्याच श्रमाचे. आणि रात्री तेच वर येऊन इलॉयना धरून नेतात, खाण्यासाठी.

शास्त्रज्ञ अंदाज बांधतो की एके काळी हे मालक आणि मजूर होते. पिढ्यानपिढ्या वेगळे राहिले, आणि शेवटी माणसाच्या दोन जातीच झाल्या.

आमच्या गटात यावरून चांगलाच वाद झाला. आईनं खालच्या मजल्यावर राबून काढलं, आणि लेकानं खालच्यांनाच राक्षस केलं? आम्हालाही ते खटकलं. पण दुसरी बाजूही आहे. वेल्सनं इलॉयना तरी कुठं सुखी दाखवलंय? त्यांना वाचता येत नाही, विस्तव पेटवता येत नाही. वीना नावाची त्यांच्यातली एक मुलगी नदीत वाहून चालली, तर तिला काढायला एकही जण हात हलवत नाही. शेवटी शास्त्रज्ञच पाण्यात उतरतो. काम दुसऱ्यावर ढकलता ढकलता माया करायचीही त्यांची सवय सुटली.

म्हणून आम्हाला वाटतं, ही गोष्ट यंत्राची नसून भुयाराची आहे. भुयार खणायला फावडं लागतंच असं नाही. कामवालीचा कप वेगळा ठेवला, तिला लिफ्ट वापरू दिली नाही, वर्षभरात तिचं आडनावही विचारलं नाही, की झालं खणायला सुरू. आणि घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई असते ना, तीही भुयारातच जेवते.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री सगळ्यांची पानं एकदमच वाढा. तुमचंसुद्धा.