वायरीचा पीळ

हेडफोनची वायर तोकडी पडली की आपण लगेच कुरकुरतो. ती गरजेपेक्षा लांब असली, तर मात्र तिचे काय करावे हे चटकन सुचत नाही. ध्वनिमुद्रणासाठी बनवलेल्या मोठ्या हेडफोनला बहुधा तीन मीटरची वायर असते. स्टुडिओत ती सोयीचीच, कारण तिथे यंत्र एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला असतो. घरी संगणक हाताच्या अंतरावर असतो. सव्वा मीटर वायर पुरते आणि पावणेदोन मीटर पायाशी लोळत राहते.

हीच वायर पिशवीत कोंबली, तर बाहेर निघते ती गाठी घेऊनच. कुणीही न मारता या गाठी पडतात कशा? डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २००७ साली याचा चक्क प्रयोग केला. दोरी पेटीत टाकायची, पेटी गरगर फिरवायची आणि गाठ पडली का ते पाहायचे. असे त्यांनी ३,४१५ वेळा केले. सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ पडली नाही. तिथून दीड मीटरपर्यंत लांबी वाढली, तशी गाठींची शक्यता झपाट्याने वाढली. दोरीचे मोकळे टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरखाली शिरते आणि वेणी घातल्यासारखी गाठ बसते. लहान पेटीत दोरीला हलायला जागा कमी मिळाली, तेव्हा गाठीही कमी पडल्या.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतात. वायरीची दोन्ही टोके मोकळी सोडू नयेत आणि ती मोठ्या पिशवीत न टाकता बेताच्या बटव्यात ठेवावी.

आता गुंडाळण्याविषयी. आपण वायर तळहाताभोवती भराभर गुंडाळतो. असा प्रत्येक वेढा वायरीला एक पीळ देतो. दहा वेढे म्हणजे दहा पीळ. उलगडताना हे पीळ वायरीतच राहतात आणि तिच्या वाकड्या कड्या होतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसेच हे. ध्वनियंत्रणेवर काम करणारे लोक यावर साधी युक्ती करतात. पहिला वेढा नेहमीसारखा घ्यायचा. दुसरा घेताना मनगट उलटे वळवून वायर वेढ्याच्या खालून न्यायची. विणकामात असते तसे एक सुलट, एक उलट. एकाचा पीळ दुसरा काढून टाकतो आणि वायर सरळ उलगडते. मात्र सोडताना टोक वेढ्यांच्या मधून जाऊ देऊ नका, नाहीतर गाठींची माळच तयार होईल.

वेढे वीतभर रुंद आणि सैल असावेत. बांधायला कापडी पट्टी किंवा चिकटपट्टीचा बंद घ्यावा. रबरबँड उन्हाळ्यात विरघळून वायरीला चिकटतो. वायर बहुतेक वेळा पिनेच्या मुळाशी किंवा कानाच्या वाटीशी तुटते, कारण आतल्या तांब्याच्या तारा अगदी बारीक असतात. एका कानातला आवाज येऊ-जाऊ लागला, की ती खूण ओळखावी. म्हणून दोन्ही टोकांकडचा वीतभर भाग न गुंडाळता मोकळा ठेवावा आणि वायर हेडफोनभोवती आवळून कधीच गुंडाळू नये.

जास्तीची वायर कापून टाकावी का? शक्यतो नको. तारांवर बहुधा लाखेसारखा लेप असतो. तो काढल्याशिवाय डाख नीट बसत नाही, तेव्हा हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आपल्या हेडफोनची वायर सुटी निघत असेल, तर त्याच जोडणीची आखूड वायर विकत आणणे सर्वांत सोपे.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते जास्तीच्या वायरीची जागा. घरातली मंडळी झोपल्यावर आजी-आजोबा हेडफोन लावून टीव्ही पाहतात. टीव्हीपासून खुर्चीपर्यंत वायर अधांतरी ताणलेली असते. पाणी प्यायला कुणी अंधारात उठले, की पाय त्यातच अडकतो. उतारवयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते. म्हणून वायर भिंतीच्या कडेने आणून खुर्चीच्या मागून वर घ्यावी. चालण्याच्या वाटेवर सतरंजीखाली ती दडवू नये. तिथे उंचवटा येतो आणि वायरही घासते. उरलेले वेटोळे यंत्रापाशी बांधून ठेवावे, माणसापाशी नव्हे. घरात तान्हे मूल असेल, तर ते लोंबते ठेवू नये. असे वेटोळे मुलाच्या गळ्यात अडकू शकते.

आता बिनतारी हेडफोन घरोघरी आले आहेत. तरी वायरीच्या हेडफोनला चार्जिंग लागत नाही आणि आवाज मागे पडत नाही, म्हणून संगीताचे काम करणारे आजही तोच वापरतात. आज रात्री दिवा मालवण्याआधी आपल्या घरातली वायर कुठून कुठे जाते, तेवढे एकदा पाहून घ्या.