मेंदूंतला निरोप्या आणि घरांतलें मौन



आजचा विषय नाजूक आहे. परंतु नाजूक म्हणून तो टाळल्यानें जें नुकसान होतें तें नव्या संसारांचें होतें. समागमाच्या आरंभींच, इच्छेविरुद्ध, वीर्यपतन होणें, म्हणजे शीघ्रपतन, ह्या तक्रारीविषयीं मी बोलणार आहें.

हा विषय मराठींत नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. वाचकांच्या कामविषयक शंकांना त्यांत सरळ उत्तरें दिलीं म्हणून १९३४ सालीं त्यांजवर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक १९५३ सालीं त्यांच्या निधनापर्यंत चाललें. शंका विचारणें हा गुन्हा नव्हे, हें त्या दंडानें खोडलें गेलें नाहीं.

मग नांदेड-लातूरकडील तरुण आज आपली शंका कोणास विचारतो? पुष्कळदां भिंतीवरच्या 'गुप्तरोग' अशा पाटीस! असल्या जाहिराती १९५४ च्या कायद्यानें निषिद्ध आहेत. परंतु लाज जेथें आहे तेथें वैदूंना गिऱ्हाईक कमी पडत नाहीं. तो तरुणास सांगतो, 'धातु क्षीण झाली, लहानपणच्या संवयींचें हें फळ.' खिसा रिकामा होतो आणि मनाचा धीरहि खचतो.

वस्तुतः हा प्रश्न चारित्र्याचा नसून बऱ्याच अंशीं मज्जातंतूंचा आहे. वीर्यपतनाची क्रिया मज्जारज्जूंतील केंद्राकडून घडते आणि तिचा लगाम मेंदूच्या हातीं असतो. हा लगाम खेंचण्याचा निरोप नेणारें एक द्रव्य आहे, सिरोटोनिन. शाळेंत निरोप घेऊन आलेला शिपाई वर्गाच्या दारांतून लगेच परत बोलावला, तर निरोप नीट पोंचत नाहीं. खिन्नतेवरील कांहीं औषधें ह्या शिपायास दाराशीं अधिक वेळ थांबवितात; म्हणजे सिरोटोनिन पेशींत परत शोषलें जाण्यास अटकाव करतात. लगाम त्यामुळें दृढ होतो.

हा गुण प्रथम दोष म्हणूनच लक्षांत आला. खिन्नतेसाठीं हीं औषधें घेणारे पुरुष वीर्यपतनास विलंब होतो अशी तक्रार करीत. १९९४ सालीं नेदरलँड्समधील डॉक्टरांनीं पॅरोक्सेटिन हें औषध बनावट गोळीशीं ताडून पाहिलें, तेव्हां शीघ्रपतनावर त्याचा उपयोग दिसला. त्याच देशांतील ग्रोनिंगन येथें २००३ सालीं वीर्यपतनाच्या वेळचा मेंदूंतील रक्तप्रवाह मोजण्यांत आला. सुखाशीं संबद्ध अशा मध्यमेंदूच्या भागांत तो वाढला, तर भयाशीं निगडित अमिग्डालांत घटला. ही क्रिया इंद्रियाइतकीच मेंदूची आहे, हें यावरून कळेल.

तथापि औषध म्हणजे खडीसाखर नव्हे. पॅरोक्सेटिन रोज घ्यावें लागतें आणि गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. तें एकाएकीं थांबविल्यास त्रास होतो. डॅपोक्सेटिन समागमापूर्वीं एक ते तीन तास घेतात. त्यानें मळमळ, भोंवळ, क्वचित् मूर्च्छाहि येते. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी घेऊं नये. शिवाय थायरॉइडचा विकार, पुरःस्थ ग्रंथीची सूज, मनांतील धास्ती, हींहि कारणें असूं शकतात. १९५६ सालीं सेमन्स या डॉक्टरांनीं सुचविलेला थांबून-थांबून संयम शिकण्याचा उपाय पत्नीच्या सहकार्यानेंच साधतो.

येथेंच घराचा संबंध येतो. नवरा लाजेनें दूर राहतो, पत्नी तो दुरावा आपला अव्हेर समजते, आणि वडील मंडळी सुनेसच बोल लावतात. हें टाळण्यासारखें आहे. नांदेड व लातूर, दोन्ही ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथें किंवा आपल्या विश्वासाच्या डॉक्टरांकडे पतिपत्नींनीं मिळून जावें. तापाविषयीं आपण जितक्या मोकळेपणीं बोलतों तितक्याच मोकळेपणीं ह्या तक्रारीविषयीं बोलतां येईल, तेव्हां भिंतीवरच्या त्या पाट्या आपोआप पुसल्या जातील.