जीपमधला ‘ठक्’ कुठून येतो?



आज मी गाडीविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी जन्मभर पाढे शिकवले, त्यांना गाडीतलं काय कळतं? खरं आहे. मी मेकॅनिक नाही. पण निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या जुन्या जीपखाली मी पुष्कळ वेळ उताणा पडलो आहे. आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. एसटीच्या कारखान्यात नोकरी करून ते आता घरी बसले आहेत. त्यांनी मला जे शिकवलं, तेच मी तुम्हाला सांगतो.

जीप ही लढाईतली गाडी. १९४१ सालापासून अमेरिकेने ती सैन्यासाठी हजारोंनी बनवली. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत ती जोडायला सुरुवात केली. १९५२ साली समाज विकास योजना आली. तेव्हा आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या योजनेच्या साहेबांबरोबर जीप खेड्यात आली. आपली जमीन काळी. पाऊस पडला की चाकाला चिखल चढतो आणि बैलगाडीसुद्धा अडते. अशा वेळी चारही चाकं ओढणारी गाडी उपयोगी पडते. म्हणून जुन्या जीपा अजून लोकांनी मोडीत घातल्या नाहीत.

आमच्या पुतण्याची जीप तशीच जुनी. तिला एक खोड लागली. क्लच सोडला की खालून ‘ठक्’. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की ‘ठक्’, परत दाबला की ‘ठक्’. तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने गाडीखाली वाकून न बघताच सांगितलं, “क्राऊन गेला. सगळं खोलावं लागेल.” खर्च ऐकून पुतण्या म्हैस विकायला निघाला. दुभती म्हैस! तेव्हा मी त्याला घेऊन चाचांकडे गेलो.

चाचा म्हणाले, “गुरुजी, आवाज कुठून येतो ते मागून बघू. आधी तो कधी येतो ते सांगा.”

हा प्रश्न मोठा मोलाचा आहे. गाडी खड्ड्यात आदळली की आवाज येत असेल, तर बहुधा पाट्यांकडे बघावं. चाकाच्या फेऱ्याबरोबर टक्-टक् येत असेल, तर चाक आणि बेअरिंग बघावं. सारखी घूं-घूं ऐकू येत असेल, तर दाते किंवा बेअरिंग झिजले असतील. पण ओढ बदलली की एकदाच ‘ठक्’ येत असेल, तर कुठे तरी ढिलाई आहे. मेकॅनिक तिला ‘प्ले’ म्हणतात.

ढिलाई म्हणजे काय, ते आपल्या बायाबापड्यांना चांगलं ठाऊक आहे. जात्याचा खुंटा ढिला झाला की काय होतं? तुम्ही खुंटा ओढता. आधी खुंटा भोकात सरकतो, भोकाच्या कडेवर आपटतो आणि मग पाळू फिरते. उलटं ओढलं की पुन्हा तेच. गाडीतही असंच होतं. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरच्या पेटीत जाते. तिथून ट्रान्स्फरच्या पेटीत जाते. तिथून एक लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, मागे जातो आणि दुसरा पुढे जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात. एक्सलच्या मध्ये जो फुगीर गोळा दिसतो, त्याच्या आत पिनियन आणि क्राऊन ही दातेरी चाकं असतात. इतक्या हातांमधून ताकद जाते. त्यातला कुठलाही एक खुंटा ढिला झाला, तरी आवाज ‘ठक्’ असाच येतो. म्हणून नुसत्या कानावर विसंबून चालत नाही.

खाली शिरण्याआधी काय करायचं, ते नीट ऐका. गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करा. किल्ली आपल्या खिशात ठेवा, पोराच्या हाती नको. चाकांना पुढून आणि मागून दगड लावा. नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर कधी राहू नका. का, ते सांगतो. पुष्कळ जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकावर नसतो. तो ट्रान्स्फरच्या पेटीमागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. म्हणजे तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकाला धरतो. एक मागचं चाक जॅकवर उचललं, तर ते मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. शाफ्टच निखळला, तर हँडब्रेक मागच्या चाकांना काहीच धरत नाही.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. जिंतूरकडच्या एका चढावर आमच्या पुढची जीप थांबली. ती कितीतरी दिवस ‘ठक्-ठक्’ करीत होती, असं मागून कळलं. चढावर तिचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट रस्त्यावर पडला. ड्रायव्हरने गडबडीत हँडब्रेक ओढला आणि पाय ब्रेकवरून काढला. गाडी मागे घसरू लागली. आत बाळंतपणाला निघालेली एक बाई होती. नशीब की मागे बांध होता आणि गाडी तिथे टेकली. त्या बाईला आम्ही आमच्या गाडीतून नेलं.

आता तपासणी. चाचांचा नियम असा, की जे फुकट बघता येतं ते आधी बघायचं. चाकांचे नट घट्ट आहेत का? पाट्यांचे यू-बोल्ट ढिले तर नाहीत? ते ढिले असले की ओढ लागताच सगळा एक्सल वळवळतो आणि आवाज थेट क्राऊनसारखा येतो. इंजिनाखालचे रबर, ज्याला फाउंडेशन म्हणतात, ते फाटले तर नाहीत? पुष्कळांचा आवाज इथेच पाना फिरवून जातो.

मग शाफ्टकडे या. गिअर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक ओढा. चाकांचे दगड राहू द्या. आता शाफ्ट दोन्ही हातांनी धरून इकडेतिकडे पिळा. नजर जॉइंटवर ठेवा. क्रॉसच्या एका बाजूचा चिमटा हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही, असं दिसलं तर चोर सापडला. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला ढिलाई लागत नाही. त्याच्या टोपीशी तांबडी गंजाची भुकटी दिसली, तर आत ग्रीस उरलेलं नाही. शाफ्टच्या मध्ये किंवा टोकाला एक सरकता सांधा असतो. त्यात थोडी हालचाल चालते, फार नको. पुढच्या शाफ्टचंही असंच बघा. बहुतेक जुन्या जीपांत दोन चाकांवर चालतानाही पुढचा शाफ्ट फिरतच असतो.

जॉइंट चांगले निघाले, तर हँडब्रेक सोडा आणि शाफ्ट पुन्हा पिळा. आता शाफ्ट आणि पिनियनचा चिमटा मिळून जरा फिरतील आणि गोळ्याच्या आत बारीक ‘टक्’ होईल. घाबरू नका. दात्यांना तेलासाठी आणि तापून फुगण्यासाठी थोडी जागा ठेवावीच लागते. क्राऊनच्या दात्याशी ती जागा कागदाच्या एकदोन पानांइतकी असते. पण जुन्या जीपमध्ये शाफ्टचे सुमारे पाच फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. त्यामुळे चाकाकडची थोडी ढिलाई शाफ्टवर पाचपट दिसते. हे गणित ठाऊक नसलं की माणूस भितो आणि गॅरेजवाला त्याला आणखी भिववतो. पिनियनचा चिमटा वरखाली हलला, तर मात्र बेअरिंग गेलं असं समजा. गोळ्यातलं तेल काढून बघा. राखाडी लोण्यासारखा गाळ चालतो. लोखंडाच्या कपच्या निघाल्या, तर गोळा खोलावा लागेल. अशा वेळी क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, एकटा नव्हे.

जुनी गाडी विकत घेताना जपा. पेटीत लाकडाचा भुसा घालून आवाज दाबण्याची लबाडी जुनी आहे.

ही ढिलाई लवकर का येते, तेही सांगतो. आमचा पुतण्या डांबरी सडकेवर चारही चाकं जोडून गाडी हाकायचा. का, तर जोर जास्त! वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात आणि मागची लहान. दोन बैलगाड्या एकमेकींना घट्ट बांधून वळवल्या तर काय होईल? चिखलात चाक थोडं घसरून मोकळं होतं. डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा पीळ दात्यांत आणि क्रॉसमध्ये बसतो. चार टायर कमीजास्त मापाचे असले, तरी हाच त्रास होतो. म्हणून चार चाकांची ओढ चिखलापुरतीच ठेवावी. आणि चिखलातून आल्यावर क्रॉसला ग्रीस द्यावं, कारण पाणी आतलं ग्रीस धुऊन नेतं.

तर आमच्या जीपचा क्राऊन धड होता. मागच्या शाफ्टचा मागचा क्रॉस सुकून खिळखिळा झाला होता. चाचांनी शाफ्ट काढण्याआधी त्यावर आणि चिमट्यावर छिन्नीने खुणा केल्या. खुणा न जुळवता सरकता सांधा एक दाता इकडेतिकडे बसला, तर गाडी थरथरते. नवे दोन क्रॉस घातले, यू-बोल्ट आवळले, संध्याकाळी गाडी परभणीपर्यंत नेऊन आणली. मोठा ‘ठक्’ गेला. बारीक ‘टक्’ आहे, तो दात्यांचा. पुतण्या अजून अधूनमधून शाफ्ट पिळून बघतो. म्हैस दावणीलाच आहे.